बंदर

सासरे आले देवगडहून, जन्मात पहिल्यांदा घाट चढून,
तीन एस.ट्या बदलून नळदुर्गला.
पिशवीत सोडे, आमसुलं
आणि जाळं विणायची लाकडी सुई.
जाळं नव्हतं. होडीही नव्हती आता,
चैत्रात विकली, इंजिनासकट.
त्याबद्दल घरात कुणी काही विचारलं नाही.

तीन रात्री त्यांचा डोळा लागेना.
"येवढो गप कसो रे तुमचो गाव?"
चौथ्या रात्री हायवेवरून हैदराबादकडं
ट्रकांची रांग लागली,
तसे अंथरुणात उठून बसले, म्हणाले, "भरती लागली,"
आणि आडवे होऊन घोरायला लागले.

रविवारी त्यांना किल्ल्यात नेलं.
तट दिसला तसे थबकले,
परगावात एखाद्या दारावर
आपलंच आडनाव वाचून माणूस थबकतो तसे.
चुना नखानं खरवडला. जिभेला लावला.
एक डोळा मिटून जंगीतून बघितलं :
पलीकडं सोयाबीन, उभा जेसीबी,
कुणाची तरी वाळत घातलेली वाकळ.
"तट आसा, बुरूज आसत, तोफो आसत.
पण बंदर खंय?"

मी तोंड उघडायच्या आत
दरवाज्यातला सीताफळवाला मुजम्मिल बोलला,
सहावीतलं पोरगं, एक पाय सतत हलता :
"बंदरां? वो क्या उप्पर बैठे ना चच्चा.
चष्मा सम्हालो, परसों एक का लेको गए."
खरंच, चर्येवर पंधराएक माकडं
शेपट्या खाली सोडून, पहाऱ्यावर.
सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात घातला
आणि इतके हसले की खोकला लागला,
पाणी द्यावं लागलं.

उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या मी मोजत होतो,
मध्येच चुकलो. वर मगर तोफ.
तिच्या पाठीवर त्यांनी थाप मारली,
बैलाला मारतात तशी.
"कोणाची वाट बघी होती ही?"
"घोड्यांची," मी म्हणालो.
त्यांनी गोल फिरून बघितलं, सावकाश :
तूर, ऊस, तूर, माळ, लांबवर पवनचक्क्या.
"कठीण आसा. घोडे खंयसूनय येतले.
दर्यार बरा, दुश्मन एकाच बाजून येता."

पाणीमहालात उतरलो तेव्हा
बोरी भिंतीवरून सांडत होती.
नदी डोक्यावर, आणि अंगावर थेंब नाही.
एक नवं जोडपं फोटोसाठी हसत होतं,
पुन्हा पुन्हा तेच हसू.
सासऱ्यांनी दगडाला तळवा लावला. मग कान.
"इंजिन चालू आसा,"
माझ्याकडं न बघता म्हणाले.
मीही हात लावला. नुसता गार दगड.
हात काढणार, एवढ्यात
कोपरापर्यंत काहीतरी थरथरत आलं.

बाहेर आल्यावर ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.
"गोड," म्हणाले, तक्रार केल्यागत.
"जाता खंय ह्या?"
भीमेत, मी सांगितलं, मग कृष्णेत,
मग पूर्वेच्या समुद्रात.
"तो दर्या माका म्हायत नाय.
थंय सूर्य वर येता म्हणतत."
थोड्या वेळानं : "माझो बुडता."

परत येताना दरवाज्यात मुजम्मिलचं भांडण चालू होतं.
गाड्यावरच्या जाळीला हातभर भोक,
त्यातून माकडाचा हात आत,
हा शेपूट ओढतोय, ते दात विचकतंय.
सासरे पायरीवर बसले. सुई काढली.
पोरानं सुतळी दिली, ती त्यांनी आधी ओढून पाहिली,
नाक मुरडलं, आणि गाठी घालायला लागले,
न बघता, अंगठ्यानं माप घेत.
दुपार कलली. मी दोनदा चहा आणला.

"इससे क्या पकडते थे चच्चा?"
"बांगडे."
"वो क्या होता?"
सासऱ्यांनी सुई मांडीवर ठेवली,
दोन्ही हात समोर धरले, वीतभर अंतरावर,
हे डोकं, ही शेपटी.
मग अंतर जरा वाढवलं. मग आणखी.
पोरगं त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिलं.
तटावरची माकडंही.